दादाला वाचून दाखवलेल्या पाणबुड्या

दुपारची जेवणं झाली, की दादा ओसरीवरच्या खुर्चीत येऊन बसतो आणि घसा खाकरतो. म्हणजे वाचायला ये. मी भांडी विसळत असते, नाहीतर नुकती कुठं पाठ टेकलेली असते. पहिल्या खाकरण्याला मी उठत नाही. दुसऱ्याला उठते. चष्मा, पाण्याचा तांब्या आणि पुस्तक घेऊन समोर बसते आणि विचारते, "कुठं व्हतो आपण?"

"पाण्याखाली," तो म्हणतो.

हा त्याचा ठरलेला विनोद. आता मला त्याचं हसू येत नाही आणि त्यालाही येत नाही. पण तो झाल्याशिवाय आमचं वाचन सुरू होत नाही.

दादा माझा थोरला भाऊ. मिसरूड फुटायच्या आधी नौदलात भरती झाला आणि नंतर पाणबुडीवर गेला. नोकरी सगळी विशाखापट्टणमला. निवृत्त झाल्यावरही तिकडंच राहिला, तिकडंच वहिनी गेली. मग काचबिंदूनं डोळे जायला लागले. आता त्याला उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, तोंड कळत नाही. अक्षर तर नाहीच. मुलगी आणि जावई तिथंच आहेत, चांगले आहेत, पण दोघंही दिवसभर नोकरीवर. दादानं हट्ट धरला, मला गावाकडं जायचं. आता गावाकडं म्हणजे कुठं? आमचं गाव घोड नदीच्या काठी होतं, डिंभ्याच्या धरणात गेलं. राहिली मी, येडगावला, सासरच्या घरात. मुलं चाकणला. घरात मी एकटीच होते. तेव्हा तो माझ्याकडं आला.

येताना एक लोखंडी पेटी आणली. उचलायला दोन माणसं लागली. मला वाटलं, कपडे आणि भांडीकुंडी असतील. उघडली तर आत नुसती पुस्तकं, आणि सगळी पाणबुड्यांची. काही इंग्रजी, काही मराठी, दोनचार हिंदी. काही पुठ्ठा निघालेली, काहींना डिझेलचा नाही तरी कसला तरी जुना वास. मी डोक्याला हात लावला.

"अरे दादा, आख्खा जन्म त्याच्यात काढला. आता म्हातारपणी परत तेच?"

तो म्हणाला, "बाई, आत असताना काय चाललंय ते कळायचंच न्हाई. पाणबुडीला खिडकी नसती. आमी आपले आमच्या जागंवर बसलेलो. वर काय व्हतं, पुढं काय व्हतं, ते ह्या लोकांनी लिवलंय म्हणून कळतंय."

मी प्राथमिक शिक्षिका होते. आहुप्याकडच्या डोंगरातल्या शाळांपासून सुरुवात केली आणि जुन्नरजवळच्या शाळेत संपवली. सगळा जन्म मोठ्यानं वाचण्यात गेला. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं की आता कुणाला काही वाचून दाखवायचं नाही. गुडघे गेलेत, घसा लवकर सुकतो. आणि माझं इंग्रजी म्हणजे चौथीच्या पुस्तकापुरतं. तरी बसले. कोश मांडीवर घेऊन बसले. इंग्रजी मनात वाचायचं आणि मराठीत सांगायचं. एका पानाला कधी कधी अर्धी दुपार जायची. सुरुवातीला मी टॉर्पेडोला पाणतीर म्हणायची, वर्तमानपत्रात असतं तसं. दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "पाणतीर म्हटलं की रामायण वाटतं. टॉर्पेडोच म्हण."

पहिले काही महिने मला ह्या पुस्तकांचा राग येत होता. लढाई, नकाशे, बुडालेली जहाजं. एक जाडजूड इतिहास होता, हातानं दांडा फिरवून चालवायच्या पहिल्या पाणबुडीपासून ते अणुपाणबुडीपर्यंत. त्यात बुडालेली जहाजं टनांत मोजलेली. पानंच्या पानं टन. आतली माणसं कुठंतरी तळटीपेत, बारीक अक्षरात. मी म्हटलं, "मी टन वाचणार न्हाई." दादा म्हणाला, "नको वाचूस. ते कुणीच वाचत न्हाई." मग त्या पुस्तकातली फक्त चित्रं मी त्याला सांगायची. इथं बॅटऱ्या, इथं इंजिन, इथं झोपायच्या जागा. तो मान हलवायचा आणि हवेत बोट फिरवून दाखवायचा, इथं पाइप, इथं डोकं आपटायचं.

पण हळूहळू काही पुस्तकं मला आवडायला लागली. कशी लागली ते मलाही सांगता येणार नाही. एखादा कंटाळवाणा पाहुणा रोज येत राहिला, की एक दिवस आपणच त्याची वाट बघतो, तसं काहीतरी.

सगळ्यात लाडकं, एका आचाऱ्याचं. बारीकसं, मराठीत आणलेलं, चिकटपट्टी लावून लावून तपकिरी झालेलं. महायुद्धात पाणबुडीवर स्वयंपाक करणारा हा माणूस. त्यात लढाई जवळजवळ नाहीच. त्याला ऐकू येतं ते फक्त वरून गेलेल्या जहाजाच्या पंख्याचं घरघरणं, आणि तेव्हा तो काय करतो, तर टांगलेली पातेली एकमेकांवर वाजू नयेत म्हणून दोन्ही हातांनी मिठीत धरून उभा राहतो. एका ठिकाणी बोटीवरचा शेवटचा कांदा उरतो. तो कांदा तो कापतो, तेव्हा लोक आपापल्या जागेवरून नुसता वास घ्यायला येऊन जातात. हे पान मी दादाला कितीदा वाचून दाखवलंय. आमच्या ओसरीच्या मागं कांद्याची चाळ आहे, उन्हाळ्यात त्या वासानं माणूस हैराण होतं. पण ते पान वाचताना मला तो वास चांगला वाटतो.

दुसरं एका निवृत्त कप्तानाचं. त्यानं पेरिस्कोपमधून शत्रूचं जहाज धरलेलं असतं, आता फक्त हुकूम द्यायचा. तेवढ्यात त्याला दिसतं की डेकवर दोरीला कपडे वाळत घातलेत. शर्ट, पायजमे, एक लहान टॉवेल. तो हुकूम देतो की नाही, ते त्या प्रकरणात लिहिलेलंच नाही. पुढचं प्रकरण एकदम घरी परतल्यावरचं. मी दादाला म्हटलं, "सांगितलं का न्हाई त्यानं?"

"सांगण्यासारखं नसंल," दादा म्हणाला.

तिसरी एक इंग्रजी कादंबरी. उशीएवढी. वर एक जहाज, खाली एक पाणबुडी, आणि दोघांचा पाठलाग. दादा म्हणायचा, ह्यातलं निम्मं खोटं आहे, पण लिहिणाऱ्याला थांबणं कळलंय. त्यात खरोखर पानंच्या पानं काही घडत नाही. माणसं गप्प बसलेली असतात, घाम येतो, कुणी तरी कुणाकडं तरी बघतं. शाळेत परीक्षेच्या वेळी वर्गात असायची तशी शांतता. मला ते वाचायला सोपं जायचं, कारण वाक्यं लहान होती.

अशी आमची दोन वर्षं गेली. उन्हाळे फार जड गेले. वीज जायची, पंखा बंद, दादा भिजलेला पंचा डोक्यावर ठेवून ऐकायचा. मी थकून मध्येच थांबले की तो काही बोलायचा नाही, नुसता वाट बघायचा. त्याची वाट बघायची सवय दांडगी. मला कधी कधी वाटायचं, हा माणूस माझ्याकडं आलाय की मीच त्याच्या बोटीवर भरती झालेय?

मग ते वायरलेसवाल्याचं पुस्तक आलं.

दादाच्या मुलीनं तिकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पाठवलं होतं. दादा स्वतः पाणबुडीवर वायरलेसवर होता, म्हणून तिनं मुद्दाम शोधलं. लिहिणारा परदेशी, कुठल्याशा जुन्या युद्धातला, त्यानंही बोटीवर संदेश घ्यायचंच काम केलेलं. साधं लिहिलं होतं. मी आनंदानं सुरू केलं.

मधल्या एका प्रकरणात असं होतं. बोट दूर समुद्रात गेलेली. बोटीवरून कसलाही जबाब द्यायचा नाही, नुसते संदेश ऐकायचे. एक दिवस संदेश येतो की बोटीवरच्या एका मेकॅनिकची लहान मुलगी तापानं गेली. वायरलेसवाला तो उतरवून घेतो आणि कप्तानाकडं नेतो. कप्तान वाचतो, कागद खिशात ठेवतो आणि म्हणतो, घरी पोचेपर्यंत हे तुझ्यात आणि माझ्यात. त्यानंतर वायरलेसवाला रोज त्या मेकॅनिकसमोर बसून जेवतो. मेकॅनिक मुलीसाठी लाकडाचं बदक कोरत असतो. रोज त्याला दाखवतो, चोच बरी झाली का म्हणून विचारतो.

मी इथं थांबले. पाणी प्यायले.

"दादा, असं खरंच करायचे?"

तो खुर्चीत मागं रेलला. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "आमच्यात आधी इचारायचे."

"काय विचारायचे?"

"लांबच्या गस्तीवर निघायच्या आधी साहेब एकेकाला बोलवायचा. म्हणायचा, घरचं काय वाईट आलं तर तुला सांगायचं का ठेवायचं? ज्याचं त्यानं ठरवायचं."

"मग तू काय सांगायचास?"

"ठेवा म्हणून."

हे पुढचं कळायला आईचं सांगायला हवं. आई गेली ती भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत. ताप आला, डोक्यात गेला आणि चार दिवसांत संपलं. मी तेव्हा नुकती नोकरीला लागलेली, घरात लिहिता-वाचता येणारी एकटी. आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला तार करायला घोडेगावला धाडलं. दादाचा पत्ता लांबलचक होता, मध्ये आकडे होते. मला तो पाठ होता, पण त्या दिवशी खिडकीतल्या माणसानं परत विचारल्यावर माझं मला खात्रीनं सांगता येईना. मी लिहून दिलं आणि आले. दादा आला नाही. अग्नी चुलतभावानं दिला. दहाव्याला नदीच्या घाटावर सगळे त्या वळणाकडं बघत होते, जिथून एसटीतून उतरलेला माणूस दिसायचा. चुलते म्हणाले, "तारच पोचली नसंल." त्यांनी सहज म्हटलं. माझ्या मनातनं ते कधी गेलं नाही.

दादा दिवाळी झाल्यावर आला. अंधारात वाढलेल्या रोपासारखा पांढरा पडलेला. आबांजवळ बसला, माझ्याजवळ बसला. तार मिळाली होती का, हे मी त्याला विचारलं नाही. तो नाही म्हणाला तर काय करायचं, ही भीती. मग लग्न झालं, मुलं झाली, आबा गेले, धरण भरलं, आणि ते विचारायचं राहूनच गेलं.

आता मी विचारलं. "म्हणजे आईच्या वेळची तार पोचली व्हती?"

"पोचली की. तळावर टायमात पोचली, तिथनं बोटीला कळवलं."

मला वाटलं होतं, हे कधी ऐकायला मिळालं तर मी रडेन, मोकळी होईन. तसं काही झालं नाही. डोक्यावरचा हंडा उतरवल्यावरही थोडा वेळ मान ताठच राहते, तसं झालं. आणि मग मला राग आला. इतका राग मला बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

"ठेवा म्हणून कसं सांगितलंस? आई व्हती ती, दादा. आमी घाटावर तुझी वाट बघत व्हतो."

"सांगितलं असतं तरी मी येणार व्हतो का? बोट माघारी फिरत न्हाई एका माणसासाठी."

"पण तुला कळलं तर असतं!"

तो खुर्चीत पुढं सरकला. त्याचे डोळे माझ्या तोंडाच्या थोडे बाजूला लागले होते. त्याला मी कुठं बसलेय ते आवाजावरून कळतं, पण नेमकं नाही.

"ऐक," तो म्हणाला. "माझ्या पहिल्याच गस्तीला एक जण व्हता. आमच्याहून वयानं मोठा, पंजाबकडचा. त्यानं सांगून ठेवलं व्हतं, काय आलं तर मला सांगा. त्याचा बाप गेला. साहेबानं बोलवून सांगितलं. मग तो काय करणार? आपल्या जागंवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. पाळी आली की उठायचा, काम करायचा, परत पडायचा. वर जाऊन मोकळ्या हवेत रडावं म्हटलं तर वर न्हाई. मोठ्यानं रडावं म्हटलं तर आवाज करायचा न्हाई. तो जेवायला बसला की आमी उठायचो, कारण काय बोलावं ते कळायचं न्हाई. किती दिवस असं. उतरल्यावर तो बोटीवर परत आलाच न्हाई. मी तवाच ठरवलं."

मागं चाळीत कुणीतरी कांदे निवडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"पण कळायचं ते कळलंच," दादा म्हणाला.

"कसं?"

"वायरलेसवर आमी पाळीपाळीनं असायचो. माझ्यासंगं एक केरळचा व्हता. लई जिवाचा. एक दिवस त्याची पाळी सुटली, मी जेवत व्हतो. तो येऊन बसला अन् त्याच्या वाटणीचं अननस माझ्या ताटात टाकलं. डब्यातलं अननस म्हंजे तिकडं सोनं. मी म्हटलं, तुझं पोट बिघडलंय का? तो म्हटला, नकोय मला. दुसऱ्या दिवशी म्हटला, तू माझ्या जागंवर झोप, तिथं गरम कमी व्हतं. मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघंना. मला तिथंच कळलं. कारण दुसऱ्यांच्या बातम्या आल्या की मीबी त्यांच्याशी असाच वागायचो."

"मग तू त्याला विचारलं का न्हाईस?"

"इचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं. त्याच्यावर आधीच किती ओझं. आणखी कशाला?"

"म्हणजे तुला माहीत व्हतं."

"माहीत न्हवतं. कळलं व्हतं. कोण ते कुठं कळलं? आई, आबा, का तू? बोट परत लागंपर्यंत मी रोज एकाला मारायचो अन् दोघांना जित्तं ठेवायचो. दुसऱ्या दिवशी आणखी एकाला." मग तो म्हणाला, "धक्क्यावर उतरल्यावर साहेबानं खांद्यावर हात ठेवला अन् सांगितलं, आई. तर बाई, पहिल्यांदा काय वाटलं माहितीये? तू हाईस म्हणून बरं वाटलं. आईचं नंतर वाटलं. ते मला लई दिवस सलत व्हतं."

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी पुस्तक मिटलं. चहा ठेवायला उठले, तर गुडघ्यातून कळ आली आणि मी परत बसले.

त्यानंतर आठवडा-दोन आठवडे दादानं घसा खाकरला नाही. दुपारी खुर्चीत येऊन नुसता बसायचा. मीही पुस्तक काढलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं, दुपारी जरा पडायला मिळत होतं. एके दिवशी जेवताना म्हणाला, "आईला कुठं दिला अग्नी?"

"घाटावर. उंबराच्या खाली, खडक व्हता तिथं."

"तो घाट मी पाहिलेलाच न्हाई आईच्या मागं. आलो तवा आबा म्हटले, आता तिकडं कशाला जातो."

"आता तर तो धरणात आहे, दादा."

"वरनं जाता येईल का?"

मला जायचं नव्हतं. येडगावहून घोडेगाव, घोडेगावहून डिंभे, त्यापुढं जीप मिळाली तर मिळाली. एसटीचं तर विचारूच नका. पण तो परत परत विचारत राहिला. होळी झाल्यावर, ऊन पार तापायच्या आत आम्ही निघालो. घोडेगावच्या स्टँडवर दीड तास बसलो. दादाला मोतीचूर लाडू हवा झाला, तो आणून दिला. शेजारच्या बाईनं मला विचारलं, "पावण्यांचं डोळं गेलं का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "लई वाईट." दादा म्हणाला, "मावशे, मला ऐकू येतंय." ती बाई लाजून उठून गेली. तेवढंच त्या दिवसातलं हसू.

धरणाच्या वरच्या अंगाला मासेमारी करणारे लोक आहेत. एका होडीवाल्याला विचारलं. आम्हाला कुठं जायचंय ते सांगितल्यावर तो आधी नको म्हणाला, मग कशासाठी ते सांगितलं तेव्हा होडीतली जाळी काठावर काढून ठेवायला लागला. दादाला दोन्ही बाजूंनी धरून आत बसवलं. पाणी निम्म्यावर आलं होतं. काठाला चिखल वाळून त्याच्या भेगा पडलेल्या, वर जुन्या बांधांचे दगड उघडे. आमची भाताची खाचरं कुठली, ते मला ओळखू येईना. डोंगर मात्र तेच होते. डोंगरावरून मी अंदाज धरला. त्या सोंडेच्या समोर नदी वळायची, वळणाच्या अलीकडं घाट.

"भाऊ, इथं थांबवा," मी म्हटलं.

होडीवाल्यानं वल्हं आत घेतलं. होडी जरा हलली आणि स्थिर झाली. पाणी हिरवट, गढूळ. खाली काही दिसत नव्हतं.

"इथं?" दादानं विचारलं.

"इथंच असावं. थोडं इकडं-तिकडं."

"भाऊ, खोल किती असंल?"

"आता उन्हाळ्याचं सात-आठ पुरुस असंल, पावणं. एकावर एक तेवढी माणसं उभी करा. पावसाळ्यात लई."

"म्हंजे काहीच न्हाई," दादा म्हणाला. "ह्याच्या किती तरी खाली राह्यलो आमी." त्यानं वाकून हात पाण्यात बुडवला, मनगटापर्यंत. मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला. हात तसाच ठेवून तो रडायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं, लहान पोर रडतं तसं. मी त्याला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. होडीवाला डोंगराकडं तोंड करून बसला. मी सदरा सोडला नाही. मला रडू आलं नाही. माझं तेव्हाच रडून झालं होतं, त्या उंबराखाली, सगळ्यांसमोर. मला फक्त खूप थकल्यासारखं वाटत होतं, आणि हा माणूस पाण्यात पडू नये एवढंच मनात होतं.

थोड्या वेळानं त्यानं ओला हात तोंडावरून फिरवला. म्हणाला, "चल. तुझे पाय दुखत असतील."

परतीची एसटी चुकली. दुधाच्या टेम्पोत पुढं बसून घोडेगावला आलो. घरी आल्यावर दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. दादानं चाचपडत चाचपडत चहा केला. साखर विसरला होता, मी तसाच प्यायले.

त्यानंतर एका दुपारी तो म्हणाला, "त्या मेकॅनिकचं पुढं काय झालं गं?"

मी पुस्तक काढलं. पान शोधायला वेळ लागला. बोट घरी पोचते, कप्तान त्या मेकॅनिकला सांगतो. वायरलेसवाला लांब उभा असतो. मेकॅनिक त्याच्याकडं बघतो आणि त्याला समजतं की ह्याला इतके दिवस सगळं माहीत होतं. त्यानंतर तो त्याच्याशी कधीच बोलत नाही. लिहिणाऱ्यानं लिहिलंय, की माझ्या ह्या पुस्तकातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलं तर मला आवडेल.

मला वाटलं, दादा काहीतरी म्हणेल. तो फक्त म्हणाला, "असंबी व्हतं."

"तुझ्या केरळवाल्याचं काय झालं?"

"त्याला मी धक्क्यावरच मिठी मारली. आमचं शेवटपर्यंत चांगलं व्हतं. तुझ्या वहिनीच्या आधी वर्षभर गेला तो. त्याच्या पोरानं फोन केला व्हता."

ते पुस्तक आम्ही संपवलं. मला ते आवडतं का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण परत वाचायला काढणार नाही. पेटीच्या तळाशी ठेवलंय. आचाऱ्याचं मात्र वरच असतं.

परवा दादाच्या मुलीनं नवं पाठवलं. ह्यात माणूस नसलेल्या पाणबुड्या आहेत. कॉम्प्युटरवर चालतात, महिनोन्‌महिने पाण्याखाली फिरतात, सुरुंग शोधतात, एकमेकींना संदेश पाठवतात. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, मला न येणारे शब्द ओळीओळीला. दादाला ते मुळीच पटत नाही. "आत कुणीच न्हाई तर वाचायचं कशाला?" असं म्हणतो, आणि तरी पुढं वाच म्हणतो. मी कोश घेऊन बसते. मध्येच त्याची मान खाली जाते आणि श्वास लांबतो. मी आवाज बारीक करत करत ते पान संपवते. लगेच थांबले तर तो जागा होतो. मग पुस्तक उपडं ठेवते, आणि आजची दुपार झाली म्हणून गुडघ्यावर हात टेकून उठते.